ऑपरेशनच्या आधीचं गाणं

डॉक्टर म्हणाले, "बोलाल तुम्ही. गाण्याचं मी सांगू शकत नाही."

सांगण्याची पद्धत अशी, की साडीच्या दुकानात सांगतात ना, अंगाचा रंग जाणार नाही, काठाची गॅरंटी नाही, तशी. नागपूरच्या त्या थंडगार खोलीत मी रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. गळ्यात थायरॉइडची गाठ होती. ती काढायचीच होती, त्यात दुसरं मत नव्हतं. पण गाठीला अगदी चिकटून आवाजाची नस जाते, आणि ती दुखावली तर आवाज जातो. कधी काही महिने, कधी कायमचा. "नस वाचवायचा आम्ही पूर्ण प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "प्रयत्न म्हणजे?" ते म्हणाले, "म्हणजे प्रयत्न." मला असा संताप आला, की टेबलावर नमुन्याला ठेवलेला प्लास्टिकचा गळा उचलून त्यांच्याच डोक्यात घालावा. नवऱ्यानं टेबलाखालून माझा हात दाबला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला तेवढं कळतं.

परत येताना भंडाऱ्याच्या अलीकडं शहापूरला चहाला थांबलो. मोटारसायकल टपरीला टेकवून नवरा म्हणाला, "रडून घे वो."

"मी नाई रडून राहिली. धूळ गेली डोळ्यात."

"बरं, धूळ गेली."

"आन् बरं कायले म्हणता? बरं काय हाय याच्यात?"

तो गुमान चहा प्यायला. मी त्याच्यावर चिडले नव्हते, पण चिडायला समोर तोच होता. आणि आवाज अजून माझा होता. वापरून घ्यावासा वाटत होता.

आता माझा आवाज म्हणजे काय, ते सांगते. लहानपणी जयंतीच्या स्टेजवर गायची, बाबा मला खांद्यावर बसवून न्यायचे. मोठी झाले तशी ऑर्केस्ट्रात गेले. लग्न, स्वागत समारंभ, गणपती, दुर्गा, जिथं बोलावलं तिथं. ऑर्केस्ट्रात माझी ख्याती कशासाठी, तर नकलेसाठी. या गायिकेचं गाणं म्हणजे तिचाच आवाज, त्या गायिकेचं म्हणजे तिचाच. लोक टाळ्या वाजवायचे, "डिट्टो!" म्हणायचे. मलाही त्याचं फार कौतुक होतं, खोटं काहून बोलू? पण त्या दिवशी शहापूरच्या टपरीवर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं गायले आणि माझ्या स्वतःच्या आवाजात एक ओळसुद्धा कुठं साठवलेली नाही. मोबाइलमध्ये होते ते सगळे व्हिडिओ दुसऱ्यांचे आवाज काढतानाचे. उद्या नस गेली तर मी कशी गात होते, हे दाखवायला काहीच नव्हतं.

घरी पोचल्यावर मी चप्पलसुद्धा काढली नाही. दारातच सांगितलं, "ऑपरेशनच्या आधी मले माहं गानं रेकॉर्ड करायचं हाय."

"कोनतं?"

"मालगाडीचं."

नवरा हसला, कारण ते गाणं त्याच्यावरच होतं. आम्ही भंडाऱ्याजवळ वरठीला राहतो, तो तिथल्या कारखान्यात आहे. लग्नाच्या सुरुवातीला आमचं एकदा असं भांडण झालं, की मी बॅग भरून स्टेशनकडे निघाले आणि तो मोटारसायकलवर माझ्या मागं. फाटक पडलेलं. मालगाडी काही संपेचना. दोघं फाटकाशी उभे, मी अलीकडं तोंड करून, तो पलीकडं. डबे मोजता मोजता मला हसू आलं, आणि भांडण तिथंच मिटलं. त्यावर मी पुढं गिटार घेऊन चाल बसवली होती:

थांब जरा, मालगाडी जाऊ दे,
डबे मोजत मोजत राग माझा जाऊ दे.

गिटार मी कॉलेजात शिकले. तिथं मैत्रिणीच्या मोबाइलवर सॉफ्ट रॉक ऐकलं आणि वेडी झाले. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, सगळं असतं, पण कोणी अंगावर धावून येत नाही. माणूस शेजारी बसून बोलतोय असं ते गाणं. आमच्याकडं हे समजावून सांगायची मोठी पंचाईत. रॉक म्हटलं की बाया कानावर हात ठेवतात, सॉफ्ट म्हटलं की म्हणतात, मंग भजनच म्हण ना. पण मला माझं गाणं तसंच हवं होतं. संथ, आणि आवाज अगदी पुढं.

भंडाऱ्यात एका दादांचा स्टुडिओ आहे. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो, म्हणून दिवाळीच्या आधी नाटकवाल्यांची गाणी करून घ्यायला त्यांच्याकडं झुंबड असते. मी फोन केला तर दादा म्हणाले, "ताई, दिवाळीनंतर या ना जी. आता पाय ठेवाले जागा नाई."

"दादा, दिवाळीनंतर माहा गळा कापनार हायेत."

तिकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "उद्या दुपारी या."

स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना फोम आणि गोधड्या लावलेल्या, आणि बरोबर खाली पिठाची चक्की. चक्की सुरू झाली की माइकमध्ये घरघर यायची. दादांनी खाली जाऊन चक्कीवाल्या काकूंना विनवलं. काकू म्हणाल्या, दिवाळीचे दिवस, लोक बेसनाले उभे हायेत, मी काय त्याईले गानं खाऊ घालू? मग असं ठरलं, की काकू एक दळण काढतील, मग थोडा वेळ थांबतील, मग पुढचं दळण. त्या थांबल्या की आम्ही धावत माइकपाशी. पंखाही बंद ठेवायचा. आम्ही तिघं त्या खोलीत घामानं निथळत होतो, मी, दादा आणि नाटक कंपनीतला एक ऑक्टोपॅड वाजवणारा भाऊ.

तो भाऊ सारखा मध्येच धडाधड तुकडे वाजवायचा. त्याला सवय नाटकाची, तिथं व्हिलन आला की वाजवावंच लागतं. मी म्हटलं, "भाऊ, कोनी मरून नाई राहिलं. साधा ठेका धर." तो म्हणाला, "ताई, इतकं साधं वाजवलं त लोक म्हणतील याले येतच नाई." मी म्हटलं, "म्हणू दे. माह्या जिवावर म्हणू दे." शेवटी त्यानं धरला. आणि काय गोड धरला!

पहिल्या दिवशी मात्र माझाच आवाज लागला नाही. वर गेला की चिरकायचा. गाठ असायची तिथंच होती, पण मला वाटायचं की ती ऐकून राहिली आहे, मी वरचा सूर घेतला की मुद्दाम आडवी येते. परत परत गायले, परत परत फसले. दादा हेडफोन सरकवून म्हणाले, "ताई, थोडा फार इकडंतिकडं असू द्या. मी कॉम्प्युटरवर नीट करून देतो. सूर ओढून घेतो, गोडवा टाकतो, कोनाले कळनार नाई."

माझं टाळकं सटकलं. "हात लावून पाहा! ना सूर चढवायचा, ना उतरवायचा, ना गोड करायचा. जन्मभर दुसऱ्याच्या आवाजात गायली मी. हा एक माहा हाय. फाटका त फाटका."

घरी येऊन मी कोमट पाणी पीत भिंतीला टेकून बसले. आता नाहीच होणार, असं वाटायला लागलं होतं. ऑपरेशनची तारीख पुढं ढकलता येईल का, असं मी डॉक्टरांना फोन करून विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "तुम्हाला गाणं हवंय की तुम्ही हव्यात?" मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी चक्की थांबली, दादांनी बोट दाखवलं, आणि आवाज लागला. कसा लागला ते मला सांगता येत नाही. वरच्या सुरावर मी नेहमी जोर लावायची. त्या दिवशी अंगात जोरच नव्हता, म्हणून मी तो हलकेच घेतला, आणि तो तिथं उभा राहिला. थोडा खरखरीत, थोडा थकलेला, पण माझा. शेवटचं "जाऊ दे" संपलं. दादांनी हेडफोन काढले आणि म्हणाले, "याले मी काईच लावत नाई, ताई." ऑक्टोपॅडवाला भाऊ उगाच वायर गुंडाळत बसला. मी त्या गोधड्यांच्या खोलीत धाय मोकलून रडले. आनंदानं रडले. भीती होतीच, पण त्या घडीला मला वाटलं, आता नेऊ दे कोणाला काय न्यायचं ते.

गाणं ऑनलाइन सगळीकडं टाकायची व्यवस्था दादा करणार होते. मिक्सिंग पूर्ण करायला त्यांना वेळ हवा होता, म्हणून मी दवाखान्यातून घरी आल्यावर टाकायचं ठरलं. तोवर जसं झालं होतं तसं गाणं त्यांनी मला आणि नवऱ्याला मोबाइलवर पाठवून दिलं.

दिवाळी झाली आणि मी भरती झाले. स्ट्रेचरवरून नेताना मी नवऱ्याची कॉलर धरली आणि म्हटलं, "माहं काई झालं, त गानं लोकाईपर्यंत पोचवा."

तो म्हणाला, "पोचवतो."

त्यावर मी डोळे मिटले. माझ्या मनात ऑनलाइन होतं. त्याच्या मनात काय होतं, ते विचारायची ती वेळ नव्हती.

शुद्ध आली तेव्हा मला पाणी हवं होतं. "पाणी" म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. टायरमधली सुटते ना, तशी. परत म्हटलं. परत हवा. नर्स म्हणाली, सूज आहे, होतं असं. पण राउंडला आलेल्या डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला. नंतर नाकातून दुर्बीण घालून त्यांनी सांगितलं, की आवाजाची एका बाजूची पट्टी हलत नाही. गाठ नसेला घट्ट चिकटलेली होती. गाठ साधी निघाली, बाकी धोका नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आवाज? काही महिने वाट पाहू, व्यायाम करा, कोणाकोणाचा येतो परत. माझ्या जिवावरचं टळलं होतं, सगळे म्हणत होते नशीबवान आहेस. मी मान हलवत होते. आतून वाटत होतं, सगळ्यांना बाहेर काढावं आणि उशीत तोंड घालून ओरडावं. ओरडायलाही काही नव्हतं.

माझ्यासारख्या बाईचा आवाज गेला म्हणजे काय गेलं, हे घरात कळतं. भाजीवाला गल्लीतून निघून जायचा, मी खिडकीत हात हलवत उभी. दूध उतू जायचं, नवऱ्याला हाक मारता यायची नाही, म्हणून मी ताटावर पळी बडवायची. तो धावत यायचा आणि म्हणायचा, "काय झालं वो?" ते सांगायला मला परत त्याच्या कानाशी जाऊन कुजबुजायला लागायचं, तोवर रागच थंडा व्हायचा. कुजबुजून रागावता येत नाही, करून पाहा कधी. माझा एकच आधार होता. गाणं झालेलं होतं. मी गात होते ती मी तिथं होते, धडधाकट.

आता मंडईचं. आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, खेळण्यांची आणि चिवड्या-जिलेबीची दुकानं लागतात, दंडारवाले नाचतात, रात्री नाटक. आणि जे काही नवीन असेल ते मंडईत सगळ्यांसमोर आणायचं, ही रीत. नवी गाडी, नवी सून, नवं नाटक. माझं सासर सिहोऱ्याकडचं. तिथल्या मंडईला नवरा म्हणाला, "चल. तुह्यासाठी एक गोष्ट हाय." चेहरा असा, की लहान पोरानं पाठीमागं काही लपवलं आहे. गळ्याला ओढणी गुंडाळून मी गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेला धान पडला होता, हवा छान होती, आणि बऱ्याच दिवसांनी मला जरा बरं वाटत होतं.

दुपारी मैदानावर डीजेची गाडी उभी होती, घराएवढे स्पीकर लावून. तिचा मालक नवऱ्याचा लहानपणचा मित्र. आम्हाला पाहून त्यानं लांबूनच हात वर केला आणि बटण दाबलं.

आधी ढोल आला. मग एक माणूस ओरडला, त्याच्या डीजेचं नाव, इको देऊन. मग एक बाई गायला लागली, बारीक, चिरचिरी, चावी दिलेल्या बाहुलीसारखी. "जाऊ दे, जाऊ दे, जा-जा-जा-जाऊ दे! राग माझा, राग माझा, रा-रा-राग!" पोट्टे शिट्ट्या मारत मैदानात शिरले. माझी जाऊ म्हणाली, "अवो जाऊबाई, हे त भारीच वाजून राहिलं!" मीसुद्धा आधी ओळखलं नाही. आणि ओळखलं तेव्हा वाटलं, माझ्या अंगावरचे कपडे कोणीतरी भर मैदानात ओढले.

नवरा आनंदानं फुलला होता. "आयकलं का? तुहं गानं! पोचवलं ना मी? पाय, अख्खं गाव नाचून राहिलं!"

त्याच्या हिशेबात लोक म्हणजे गाव, आणि पोचणं म्हणजे मंडईत वाजणं. मी ऑपरेशनच्या टेबलावर असताना त्यानं बाहेरच्या बाकावर बसून ते गाणं मित्राला पाठवलं होतं, मी घरी आले की गावानं माझं स्वागत करावं म्हणून. चुकलं काय त्याचं? तेच तर! काही चुकलंच नव्हतं, आणि सगळं संपलं होतं. मी त्याला ओरडून म्हणत होते, "बंद करा! बंद करा ते!" ओठ हलत होते. ढोलापुढं माझी हवा कोणाला ऐकू येणार? तो वाकून म्हणाला, "काय?" मी परत म्हटलं. तो परत म्हणाला, "काय?" जावेनं माझा हात धरून मला नाचायला ओढलं. बाया गोल करून टाळ्या वाजवत होत्या आणि मी मध्ये उभी, माझाच आवाज वरून कोसळतो आहे, आणि माझ्या तोंडातून काही निघत नाही. मी त्या गोलात मटकन खाली बसले. बायांना वाटलं चक्कर आली, कोणी कांदा आणला, कोणी पाणी.

डीजेचा मालक माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. भला माणूस. म्हणाला, "वहिनी, गानं मस्तच होतं, पन लय हळू होतं हो. त्याच्यावर कोन नाचंल? म्हणून मी एका मिक्सिंगवाल्याले देल्लं बनवाले. त्यानं असं बनवलं, का आता चहूकडं हेच वाजून राहिलं. तुमी त फेमस झाल्या!"

गावातून परतल्यावर, नाटकवाल्यांच्या कामातून मोकळे झाल्यावर दादांनी माझं खरं गाणं ऑनलाइन टाकलं. ते टिकलंच नाही. त्या मिक्सिंगवाल्यानं आपलं मिक्स आधीच स्वतःच्या नावानं चढवून त्यावर हक्क नोंदवून ठेवला होता. कॉम्प्युटरनं जुळवून पाहिलं आणि निकाल दिला, की माझं गाणं ही त्याच्या गाण्याची कॉपी आहे. माझं गाणं बंद. दादा फोनवर शिव्या देत होते, एकाहून एक. मला मात्र हसूच आलं, तसलं येऊ नये ते हसू. जन्मभर नक्कल केली, आणि ज्या एका गाण्यात नाही केली तेच नक्कल ठरलं.

नवऱ्यानं मित्राकडून मिक्सिंगवाल्याचा नंबर घेतला. सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, आम्ही स्वयंपाकघरात बसून त्याला फोन लावला, स्पीकरवर. नवरा फार अदबीनं बोलला. गाणं बायकोचं आहे, चूक माझी झाली, तुम्ही तेवढा हक्क काढून घ्या, तुमचं मिक्स वाजू द्या खुशाल. तो माणूस वैतागला होता, पण उद्धट नव्हता. म्हणाला, "भाऊ, रोज एक जन फोन करते, का गानं माहं हाय. डीजेवाले कोनतं गानं कुठून आनतात, मले ठाऊक नाई. मी कोनाकोनाचं आयकू? गानारी तिथंच हाय ना? मंग द्या त्याईले. एक ओळ गाऊन दाखवा. आवाज मिळाला का आत्ता काढतो."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी फोन हातात घेतला. मला माहीत होतं काय होणार ते. तरी माणसाला वाटतं ना, एखादे वेळी. इतके दिवस व्यायाम करत होते, एखादे वेळी आत्ताच, गरज आहे म्हणून, येईल. मी पाठ ताठ केली, पोटात श्वास भरला, डोळे मिटले. "थांब जरा" म्हटलं. हवा. नुसती हवा, आणि तिच्या टोकाला एक घोगरी चिरफळी. परत घेतला. "थांब". हवा. तिसऱ्यांदा मी इतका जोर लावला, की गळ्याला टाके घातले होते तिथं आग झाली आणि खोकल्याची उबळ आली.

पलीकडून तो म्हणाला, अगदी नरमाईनं, "आजीबाई, तुमी तब्येतीले जपा. भाऊ, कोनालेही फोनवर नका बसवू. ह्या गान्यातली पोरगी वीस-बाविसाची हाय." आणि ठेवला फोन.

मी उठले. गॅसच्या ओट्याला धरून उभी राहिले. नवरा म्हणत होता, "माहं चुकलं, माहं चुकलं वो," आणि स्वतःच्या कपाळावर मारून घेत होता. त्याला थांबवायचीसुद्धा मला इच्छा झाली नाही. त्या दिवशी मी संध्याकाळचा स्वयंपाक केला नाही, कोणी विचारलंही नाही.

शेवटी दादांनीच मार्ग काढला. माइक चालू असताना जे काही झालं होतं, फसलेले सूर, मधलं बोलणं, खोकणं, ते सगळं त्यांनी काढून टाकलं नव्हतं. ते अख्खंच्या अख्खं त्यांनी त्या माणसाला पाठवलं. त्याचा फोन आला, माफी मागितली, "ताई" म्हणाला, हक्क काढून घेतला. माझं गाणं परत चढलं. माझ्या आवाजात, काही न लावता. मी जिंकले म्हणायचं.

खाली लोकांनी लिहिलं, ओरिजिनलसारखी मजा नाही. एकानं लिहिलं, ओरिजिनलचं वाटोळं केलं, इतकं हळू काहून केलं? एकीनं लिहिलं, छान आहे, झोपताना ऐकते. त्या एकीला मी मनातल्या मनात आहेर केला. बाकी मंडईचा हंगाम संपेपर्यंत वरठीतसुद्धा प्रत्येक वरातीत ती बाहुली ओरडत गेली, आणि मी दार लावून घ्यायला शिकले. डॉक्टरांनी ठरवून दिलेली मुदतही गेली. पट्टी हलली नाही. आता जो आहे तोच आवाज, असं त्यांनी सांगितलं. या खेपेला मला त्यांच्या डोक्यात काही घालावंसं वाटलं नाही.

मध्यंतरी दादा वरठीला आले तेव्हा ते सगळं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर देऊन गेले, तुमचं आहे, तुमच्याजवळ असू द्या म्हणून. रविवारी दुपारी मी भांडी पुसत होते, नवऱ्यानं ते टीव्हीला लावलं. फसलेले सूर आले. दादांचं "परत घ्या ताई" आलं. मग मोबाइलची रिंग वाजली, आणि मी बोलायला लागले. नवऱ्याचा हा फोन मला आठवतही नव्हता.

"हॅलो! काय जी? मीठ? मीठ कुठी हाय? इथं माह्या जिवाची पडली न तुमाले मीठ पायजे? गॅसच्या बाजूले पाहा. नाई दिसत? डोळे उघडून पाहा! पाहिलं? मंग माह्या डोक्यावर हाय, या न घेऊन जा! आन् जेवून घ्या, उगाच उपाशी नका राहू माह्यासाठी. ठेवा आता!"

खणखणीत. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. सुराबिराचं नाव नाही, आणि तरी तो आवाज मला गाण्यातल्यापेक्षा जास्त माझा वाटला. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. नवरा आधी हसला. मग हसता हसता त्यानं तोंड भिंतीकडं केलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. बराच वेळ टीव्हीतून पुढचं काहीबाही येत राहिलं.

मी त्याच्याजवळ जाऊन कानात कुजबुजले, "गानं लावू का? चांगलं झालेलं हाय ते?"

त्यानं मान हलवली. "नाई," म्हणाला. "ते मिठाचं लाव."

मी लावलं.